गाडीतला रेडिओ आपोआप स्टेशन बदलतोय? नवा सेट घेण्याआधी हे वाचा

"रेडिओ आपला आपणच बदलतो, नवा सेट टाकून द्या," असं म्हणत बरेच ग्राहक गाडी घेऊन येतात. नवा सेट विकला तर आम्हाला चार पैसे जास्त सुटतात, नाही असं नाही. पण महिनाभराने तोच त्रास नव्या सेटवर सुरू झाला की बोलणी आम्हालाच खावी लागतात. म्हणून हे पत्रक.

गाडी आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टेशन बदलतं ते नेमकं कधी? स्टेअरिंग फिरवताना, खड्ड्यात, घाटात, भर उन्हात, की सकाळी गाडी सुरू केल्या केल्या? दोन दिवस एवढ्यावरच लक्ष ठेवा. निम्मा बिघाड तिथेच सापडतो.

घाटातला गोंधळ

पुणे-मुंबई जाणारे हमखास ही तक्रार आणतात: खंडाळ्याच्या आसपास चालू गाणं मध्येच तुटतं, दुसरंच सुरू होतं, पुढच्या वळणावर पुन्हा पहिलं. अशा वेळी पडद्यावरचा आकडा बघा. तो तसाच असेल तर सेट निर्दोष आहे. रेडिओ मिर्ची मुंबईतही ९८.३ वर आणि पुण्यातही ९८.३ वर. रेडिओ सिटी दोन्हीकडे ९१.१, रेड एफएम दोन्हीकडे ९३.५. एकाच आकड्यावर दोन सिग्नल आले की एफएम रेडिओ त्यातला जोरदार तेवढा उचलतो, दुसरा जवळजवळ पुसून टाकतो. मीडियम वेव्हवर अशा वेळी दोन्ही केंद्रं एकमेकांत मिसळून ऐकू येतात, एफएमवर एकदम पलटी होते. डोंगराच्या या बाजूला मुंबई, त्या बाजूला पुणे. याला कुठल्याही दुकानात औषध नाही, त्यामुळे यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आकडाच बदलत असेल तर मात्र पुढे वाचा.

फुकटात होणारी दुरुस्ती

दर पाच-दहा सेकंदांनी शिस्तीत पुढचं स्टेशन लागत असेल तर स्कॅन चालू राहिलंय. ते बटण पुन्हा दाबा, संपलं.

त्यानंतर सेटिंगमध्ये एएफ (AF) आणि टीए (TA) शोधा आणि दोन्ही बंद करा. ही सोय मुळात युरोपातल्या रस्त्यांसाठी आहे. तिकडे एकच कार्यक्रम गावागावांतल्या मनोऱ्यांवरून वेगवेगळ्या आकड्यांवर लागतो. एएफ चालू असेल तर सिग्नल क्षीण झाला की सेट त्याच कार्यक्रमाचा दुसरा आकडा स्वतःच शोधून काढतो. टीए चालू असेल तर वाहतुकीच्या सूचना देणारं केंद्र हुडकतो. आपल्याकडे पुलाखाली किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल पडला की असा सेट उगाच धुंडाळत बसतो. बंद केल्याने तुमचं काहीही बिघडणार नाही.

तिसरी गोष्ट, सेटवर निवडलेला देश. बाहेरून आणलेल्या किंवा ऑनलाइन घेतलेल्या सेटवर कधी कधी 'अमेरिका' निवडलेलं असतं. तिकडची एफएम स्टेशनं १०१.१, १०१.३ अशा विषम दशांशांवरच असतात, म्हणून सेटही तशाच उड्या मारतो. मग पुण्यातलं विविध भारती १०१ वर किंवा मुंबईतलं १०२.८ वर लावायला जावं तर काटा एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. मीडियम वेव्हवरही तेच. आपल्याकडे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्या, तिकडे दहाच्या, त्यामुळे आकाशवाणी पुण्याचं ७९२ अशा सेटवर नेमकं लागणारच नाही. देश बदला. यादीत भारत नसेल तर आशिया किंवा युरोप निवडा.

बदलतो की विसरतो?

रोज सकाळी रेडिओ ८७.५ पासून सुरू होत असेल आणि साठवलेली स्टेशनं पुसली जात असतील, तर तो बदलत नाही, विसरतो. सेटला जाणारी पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीवरची. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोघींच्या जागा उलट असतात आणि घाईत सेट बसवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. पिवळी सैल असेल तर खड्ड्यातही असंच होतं. जुनी बॅटरी स्टार्टर फिरताना इतकी खाली बसते की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा ती एकदा तपासून घ्या.

स्टेअरिंगवरची बटणं

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. बऱ्याच गाड्यांत या सगळ्या बटणांना मिळून एक-दोनच वायरी असतात. प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टन्स असतो आणि किती व्होल्टेज आलं त्यावरून सेट ओळखतो की तुम्ही आवाज वाढवलात की स्टेशन पुढे नेलंत. मध्ये घाण किंवा ओल आली की हिशोब चुकतो.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली. आवाज वाढवायला गेलं की स्टेशन पुढे जाई, आणि कधी कधी हात न लावताही. बटणांची पट्टी काढली तर '+' च्या रबराखाली चॉकलेटी, चिकट थर. सिग्नलला उभं असताना कटिंग सांडला होता, वरून पुसला होता, पण आत साखर राहून गेली होती. दमट हवेत ती ओली होई. मीटर लावला तर बोट काढल्यावरही आकडा स्थिर राहीना. पट्टी साफ केली, वाळवली, जागेवर बसवली. सेटला हातही लावावा लागला नाही.

सेट गाडीच्या कंपनीचा नसून नंतर बसवलेला असेल तर त्याला बटणं पुन्हा शिकवून बघा, म्हणजे कुठलं बटण कशाचं ते सेटिंगमध्ये नव्याने ठरवा. शिकवूनही टिकत नसेल तर बहुतेक अर्थिंगची वायर कच्ची आहे.

स्टेअरिंग वळवतानाच स्टेशन उडत असेल तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टेअरिंगच्या आत गुंडाळलेल्या पट्टीवर. सोबत हॉर्न अधूनमधून बंद पडत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागत असेल तर रेडिओ बाजूला ठेवा आणि आधी गाडी दाखवा. एअरबॅगची वायर याच पट्टीतून जाते. घरी स्टेअरिंग उघडू नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही बॅटरी सोडल्याशिवाय उघडू देऊ नका.

नॉब, पडदा, एरियल

नॉब एक खूण पुढे फिरवली आणि आकडा दोन मागे गेला, तर आतले काँटॅक्ट घाण झालेत. कुलपात मारायचं तेल त्यात मारू नका, काँटॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

टचस्क्रीनवर आधी चिकटवलेली काच-फिल्म काढून बघा. कडेला फुगा धरला की पडद्याला बोट लागल्याचा भास होतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावरच असं होत असेल आणि एसीने थंड झाल्यावर थांबत असेल, तर पडदाच संपत आलाय. स्वस्त सेटमध्ये तो बदलण्यात अर्थ नाही, आणि तेव्हा आम्हीच नवा घ्या म्हणू.

एरियलची दांडी जागेवर आहे ना? कव्हर घालताना काढून डिकीत ठेवलेली दांडी महिनोन्महिने तिथेच पडून असते, हसू नका. मोबाईल चार्जर आणि डॅशकॅम सॉकेटमधून उपटून दहा मिनिटं गाडी चालवून पाहा. स्वस्त चार्जर इतका गोंगाट करतो की लांबचं स्टेशन त्यात बुडून जातं.

दुकानात येताना

चार्जर, डॅशकॅम नेहमी जसे लावता तसेच लावून या, आवरून आणू नका. सेट आपोआप बदलताना मोबाईलवर व्हिडिओ काढता आला तर उत्तम, मात्र तो शेजारच्याने काढावा. आणि कागदपत्रांत रेडिओचं कोड कार्ड आहे का ते पाहा. काही कंपनी सेट बॅटरी सुटली की कोड मागतात, तो नसेल तर दुरुस्त झालेला रेडिओही मुका राहतो.