खुलासा: फ्युचर्सचा सौदा कापायला विसरलं तर दारात मक्याचा ट्रक येतो?

फ्युचर्स म्हणजे पुढच्या ठरलेल्या मुदतीला माल घेण्या-देण्याचा आजच केलेला करार. शिकागोच्या पिटमधले, म्हणजे एक्सचेंजच्या सौद्यांच्या रिंगणातले, जुने ट्रेडर आठवणी काढायला बसले की हा किस्सा हमखास निघतो, सौदा कापायचा, म्हणजे मुदतीआधी उलटा सौदा करून मिटवायचा, राहिला आणि सकाळी दारात मक्याचा ट्रक. किस्सा भारी आहे पण तसं होत नाही. मक्याचं एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे 5,000 बुशेल (धान्याचं अमेरिकी माप), साधारण 127 टन, एका ट्रकात मावणारच नाही. शिवाय डिलिव्हरी कधी द्यायची ते विकणारा ठरवतो, मग ज्याची खरेदी सगळ्यात जुनी त्याच्या नावावर ती लागते, आणि हातात येतो फक्त कागद, माल ठरलेल्या ठिकाणीच मिळतो. साठवणुकीचं भाडं मात्र रोज चढतं, खरा फटका तो. चेक करायचं तर एक्सचेंजच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टचे नियम उघडा, सेटलमेंटसमोर, म्हणजे सौदा शेवटी कसा मिटतो त्यापुढे, काय लिहिलंय बघा, डुकरांच्या कॉन्ट्रॅक्टला तर सरळ कॅश आहे, म्हणजे माल नाही, फक्त पैशांचा हिशेब.