पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं

जुन्या गाण्यांचे चार शौकीन कोल्हापुरात एकत्र बसले की एक वाद ठरलेला. एक म्हणतो, "या गाण्याला तिसरं कडवं आहे." दुसरा छातीठोकपणे सांगतो, "नाही भावा, दोनच. लहानपणापासनं ऐकतोय." बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. एकानं गाणं थेटरात ऐकलेलं असतं, दुसऱ्यानं रेडिओवर. चित्रपटातलं गाणं आणि त्याच गाण्याची रेकॉर्ड हे दोन वेगवेगळे ध्वनी असू शकतात, हे एकदा कळलं की ऐकण्याची गोडीच वाढते.

याची सुरुवात आपल्या गावातच पाहता येते. 'प्रभात' या चित्रपट कंपनीने इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' तयार केला, तो 1932 मध्ये लागला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट-नटी कॅमेऱ्यासमोर गायचे, वादक चौकटीबाहेर बसून साथ करायचे आणि तेच पडद्यावर यायचं. भर म्हणजे चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन भाषांत होता, म्हणजे गाण्यांचा खटाटोपही दुप्पट. आपल्याकडे पार्श्वगायनाची वाट मोकळी झाली ती 1935 च्या 'धूपछाँव'पासून. त्यानंतरही बरीच वर्षं ग्रामोफोन कंपनीसाठी गाणं पुन्हा वेगळं गायलं जाई. गाणं तेच, पण दिवस वेगळा, खोली वेगळी, माईक वेगळा. कधी वाद्यमेळ वेगळा, क्वचित आवाजसुद्धा वेगळा.

पुन्हा गायचं कारण साधं होतं: जागा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. चित्रपटाला असलं बंधन नव्हतं. नायिका पाणवठ्यावरून घरापर्यंत चालत येणार असेल तर गाणंही तेवढं लांबे. मग रेकॉर्डसाठी एक कडवं जाई, मधलं संगीत आखडे किंवा लय थोडी वाढे. फारच लांब गाणं असेल तर पहिला भाग एका बाजूला आणि दुसरा मागच्या बाजूला, मध्ये उठून रेकॉर्ड उलटायची. पुढं टेपवर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यावर पुन्हा गाण्याची गरज कमी झाली, पण छाटणी चालूच राहिली. एलपी म्हणजे सावकाश फिरणारी मोठी रेकॉर्ड आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. तरी जुनी गाणी एलपीवर आली ती बहुधा छाटलेल्या रूपातच, कारण कंपनीच्या कपाटात तेवढंच होतं. आज मोबाईलवर आपण 'ओरिजिनल' म्हणून जे ऐकतो तेही बहुतांशी याच कपाटातलं आहे.

कानाला फरक कसा कळतो? पडद्यावरच्या गाण्यात पावलं, घुंगरू, दाराची कडी, मध्येच एखादा संवाद मिसळलेला असतो. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीत वरचे बारीक स्वर दबतात, म्हणून तो आवाज जरा घोंगडी पांघरल्यासारखा येतो. रेकॉर्ड त्या मानानं मोकळी असते. सुरुवातीचं संगीत नीट, स्वतंत्र, आणि शेवटही व्यवस्थित बांधलेला.

पेटी घेऊन बसणाऱ्यांना आणखी एक गोष्ट छळते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्रपटातून ऐकलेलं गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. रेकॉर्डमध्ये सूर पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी दोन असेल, तर टीव्हीवर ते तिच्या वर सरकलेलं, पण पुढच्या पांढरीपर्यंत न पोचलेलं. दोष गायिकेचा नाही आणि पेटीचाही नाही. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी चालते, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत 25 ची. दूरदर्शनवर किंवा व्हीसीडीवर चित्रपट चढवताना तो चार टक्क्यांनी पळतो. 3 मिनिटं 20 सेकंदांचं गाणं आठ सेकंद लवकर संपतं आणि आवाज जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. म्हणून चाल बसवायची तर रेकॉर्डवरूनच बसवावी, असं माझं ठाम मत आहे. 78 ची रेकॉर्डसुद्धा यंत्राचा वेग नीट लावून ऐकावी.

पण शब्द आणि प्रसंग समजून घ्यायचा तर चित्रपट. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (1965) मध्ये जगदीश खेबुडकरांचं 'ऐरणीच्या देवा' आहे. संगीत 'आनंदघन' म्हणजे लताबाईंचंच. नुसतं ऐकलं तरी ते लागतं, पण लोहाराच्या भात्यासमोर ते पाहिल्यावर त्यातली ठिणगी खऱ्या अर्थानं दिसते. अशी गाणी फक्त ऑडिओवर ओळखणाऱ्यांनी एकदा तरी चित्रपट लावावा.

नावांच्या बाबतीत मात्र दोन्हींवर डोळे मिटून विश्वास नको. 'महल' (1949) च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून चक्क 'कामिनी' हे पात्राचं नाव होतं. लताबाईंचं नाव लोकांनी विचारणा केल्यावर पुढं आलं. त्या काळच्या कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तर गायकांची नावंच नसत.

हल्ली इंटरनेटवर एक तिसराच प्रकार वाढलाय: चित्र पडद्यावरचं, आवाज रेकॉर्डचा. हेतू चांगला असतो, आवाज स्वच्छ मिळावा हाच. पण ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि जास्तीच्या कडव्याला एकतर चित्र कापतात किंवा तेवढ्यापुरता आवाज एकदम दबतो. असा सांधा ऐकू आला की समजावं, इथं दोन ध्वनिमुद्रणं जोडली आहेत. अशी फाईल जपताना चित्रपट, वर्ष, आवाज कुठला आणि लांबी किती, एवढं तरी नावात लिहावं.

आणि घरात माळ्यावर चित्रपटाच्या गाण्यांच्या जुन्या पुस्तिका असतील तर रद्दीत घालू नका. थेटरात काही आण्यांना मिळणाऱ्या त्या चार-आठ पानांत गाण्याचे शब्द छापलेले असत. कडव्यांचा वाद तिथं सुटतो. कधीकधी तर त्यात असं एखादं कडवं सापडतं, जे रेकॉर्डवरही नाही आणि पडद्यावरही नाही.