सार्वजनिक उपक्रम : कॉर्पोरेट गव्हर्नन्सचे प्रश्न (भारत)

मालकी सरकारची, रूप कंपनीचे आणि उत्तरदायित्व संसदेला, अशा रचनेमुळे सरकारी कंपन्यांच्या नियंत्रणात उद्‌भवणारे प्रश्न. खाजगी कंपनीत भागधारक एकीकडे व व्यवस्थापन दुसरीकडे अशी फारकत असते आणि तिच्यातून येणाऱ्या हितविरोधांना आवर घालणे हा कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा मूळ विषय होय. सार्वजनिक उपक्रमात ही फारकत अनेक पायऱ्यांची असते. नागरिक, संसद, मंत्रिमंडळ, प्रशासकीय मंत्रालय, संचालक मंडळ आणि शेवटी व्यवस्थापन अशी उतरंड असून शेअर राष्ट्रपतींच्या नावे असतात. मालक म्हणून नेमके कोण बोलते, हे त्यामुळे सहजी ठरत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केंद्र सरकारच्या कंपन्यांचा विचार केला आहे.

व्याख्या व कक्षा : कंपनी अधिनियम १९५६, कलम ६१७ नुसार ज्या कंपनीचे किमान ५१ टक्के भरणा झालेले भागभांडवल केंद्र सरकार, राज्य सरकारे किंवा दोघे मिळून धारण करतात ती सरकारी कंपनी. अशा कंपनीची उपकंपनीही सरकारीच गणली जाते. २०१३ च्या अधिनियमात हीच व्याख्या कलम २(४५) मध्ये आली आहे. या उंबरठ्याच्या अलीकडे राहूनही सरकारी प्रभाव टिकवता येतो. पेट्रोनेट एलएनजीमध्ये ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेल व भारत पेट्रोलियम यांचा प्रत्येकी १२.५ टक्के वाटा आहे. एकूण ५० टक्केच होत असल्याने ही कंपनी कायद्याने सरकारी ठरत नाही. तिचे अध्यक्षपद मात्र केंद्रीय पेट्रोलियम सचिवांकडे असते.

कंपनी-रूपाचा उगम व त्यावरील वाद : सरकारी उद्योगाला स्वायत्त रूप देण्याची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टसारख्या संस्था जमेस धरल्या, तर ती एकोणिसाव्या शतकात जाते. आधुनिक अर्थाने पाहिल्यास १९४८ चे दामोदर खोरे निगम हा अधिक ग्राह्य आरंभबिंदू ठरतो. ही दोन्ही उदाहरणे खास कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांची आहेत. साध्या कंपनी कायद्याखाली नोंदणी करून सरकारने कारखाने काढण्याचा प्रघात साधारणपणे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी रूढ झाला. सिंद्रीचा खत कारखाना (१९५१) आणि पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४) ही त्याची सुरुवातीची उदाहरणे.

या प्रघातावर पहिला कठोर आक्षेप स्वतंत्र भारताचे पहिले नियंत्रक व महालेखापरीक्षक व्ही. नरहरी राव यांचा होता. अशा कंपन्या म्हणजे कंपनी कायद्याशी आणि संविधानाशीही केलेली प्रतारणा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : भारताच्या संचित निधीतील (सरकारच्या मुख्य खात्यातील) पैसा संसदेने वेगळा कायदा न करता केवळ कार्यकारी आदेशाने एका खाजगी स्वरूपाच्या कंपनीत घातला जातो आणि तेथे तो महालेखापरीक्षकाच्या सहज कक्षेबाहेर जातो. कंपनी म्हणजे अनेक भागधारकांचा संघ, ही कायद्याची कल्पनाही येथे लागू पडत नाही. एकच मालक असतो आणि बाकीचे ‘भागधारक’ संख्या भरून काढण्यासाठी एकेक शेअर नावावर घेतलेले सरकारी अधिकारी असतात.

उलट बाजूने स्वायत्ततेचा मुद्दा मांडला गेला. नियोजन मंडळासाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिणारे ए. डी. गोरवाला यांनी राज्य उद्योगांना मंत्रालयाच्या दैनंदिन हस्तक्षेपापासून दूर ठेवण्याचा आग्रह धरला. अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांनी १९५६ च्या अहवालात आणखी पुढे जाऊन लेखापरीक्षणाच्या धाकाने अधिकारी निर्णयच टाळतात, अशी टीका केली. ती महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाला रुचली नाही. १९६७ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने औद्योगिक उपक्रमांसाठी वैधानिक निगमाकडे, म्हणजे खास कायद्याने स्थापलेल्या संस्थेकडे, कल दाखवला, तरी सरकारने कंपनी-रूप सोडले नाही. यामागे लवचीकपणाचे कारण अधिकृतपणे दिले जाते. कायद्यात बदल करायचा तर संसदेत जावे लागते, कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतील बदल मात्र मंत्रालयाच्या पातळीवरच होतो, ही सोय अधिक निर्णायक ठरली असावी.

१९५६ च्या अधिनियमाने राव यांच्या आक्षेपाला अर्धे उत्तर दिले. कलम ६१९ खाली सरकारी कंपन्यांच्या लेखापरीक्षणात महालेखापरीक्षकाला स्थान मिळाले. आज त्यांचे लेखापरीक्षक तोच नेमतो आणि अहवाल हाती आल्यापासून ६० दिवसांत पूरक लेखापरीक्षण करू शकतो. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ६२० ने सरकारी कंपन्यांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. हा धागा तुटलेला नाही. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने दिलेल्या सवलतींत दोन लक्षणीय आहेत. स्वतंत्र संचालकाची सचोटी व पात्रता याबद्दलचे मत संचालक मंडळाऐवजी मंत्रालयाचे धरले जाते. दोन सरकारी कंपन्यांमधील व्यवहारांना संबंधित पक्षांच्या (हितसंबंध जोडलेल्यांमधील) व्यवहारांसाठी लागणाऱ्या भागधारकांच्या मंजुरीतून मोकळीक मिळते.

मुंद्रा प्रकरण : वैधानिक निगम असता तर प्रश्न सुटला असता, या मताची कसोटी लवकरच लागली. मुंबईत मुख्यालय असलेले आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये खास कायद्याने स्थापन झाले. सरकारने धोरणविषयक निर्देश लेखी द्यावेत, अशी तरतूद त्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. तरीही जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीचा सल्ला घेतला गेला नव्हता आणि लेखी निर्देशही नव्हता. फिरोज गांधी यांनी लोकसभेत विषय लावून धरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली. व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती काय, यावर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे सचिव एच. एम. पटेल यांच्या म्हणण्यांत मेळ बसला नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. स्वायत्त निगमांच्या कामात सरकारने पडू नये आणि पडायचेच असेल, तर लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये, हे छागला यांनी घालून दिलेले तत्त्व. पुढील बहुतेक वाद याच एका वाक्याभोवती फिरताना दिसतात.

लेखी निर्देश व तोंडी सूचना : बहुतेक केंद्रीय कंपन्यांच्या नियमावलीत राष्ट्रपतींना निर्देश देण्याचा अधिकार असतो. त्याचा वापर विरळाच होतो. मंत्रालयाचा फोन, आढावा बैठक किंवा ‘विचार व्हावा’ एवढाच शेरा पुरेसा होत असल्याने औपचारिक निर्देशाची गरज पडत नाही. याला ठळक अपवाद कोल इंडियाचा. २०१० मध्ये या कंपनीचे १० टक्के शेअर प्रत्येकी २४५ रुपये दराने जनतेला विकले गेले. एप्रिल २०१२ मध्ये वीज प्रकल्पांना ठरलेल्या कोळशापैकी किमान ८० टक्के पुरवठ्याची हमी देणारे करार करण्यास संचालक मंडळ तयार होईना, तेव्हा राष्ट्रपतींचा निर्देश निघाला. सुमारे एक टक्का शेअर असलेल्या टीसीआय या परदेशी गुंतवणूक निधीने संचालकांना जबाबदार धरून न्यायालयात दाद मागितली आणि पुढे २०१४ मध्ये आपला वाटा विकून टाकला. निर्देश कागदावर होता म्हणूनच त्याला आव्हान देता आले, ही या प्रकरणाची दुर्लक्षित बाजू आहे.

इंधन दरांचे उदाहरण याच्या उलट आहे. नियंत्रित दर पद्धत १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपली. पेट्रोल जून २०१० मध्ये व डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये औपचारिकपणे मुक्त झाले. तरी ४ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्थमंत्र्यांनी उत्पादन शुल्क लिटरमागे दीड रुपयाने कमी करतानाच तेल कंपन्या आणखी एक रुपयाचा भार सोसतील, असे जाहीर केले. या कंपन्यांचे शेअर कोसळले. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कायद्याने अबाधितच होते.

संचालक मंडळ : अध्यक्ष व कार्यकारी संचालकांची निवड सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाच्या शिफारशीने, दक्षता मंजुरी आणि मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीच्या संमतीने होते. स्वतःचा मुख्य अधिकारी निवडण्यात किंवा काढण्यात कंपनीच्या संचालक मंडळाला स्थान जवळपास नसतेच. विलंब नित्याचा आहे. ओएनजीसीसारखी कंपनी एप्रिल २०२१ पासून डिसेंबर २०२२ पर्यंत पूर्णवेळ अध्यक्षाविना चालली.

अध्यक्ष कार्यकारी असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र असावेत, हा सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेचा नियम सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) सरकारी कंपन्यांनाही लागू आहे. जागा रिकाम्या राहिल्या की शेअर बाजार दिवसाला ५,००० रुपये दंड आकारतो. नेमणुकीचा अधिकार आमच्याकडे नाही, सबब दंड माफ व्हावा, असे कंपनी कळवते. दोघांचेही म्हणणे नियमानुसार बरोबर असते. दंड भरावा लागलाच तर तो कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे काही अंशी अल्पसंख्य भागधारकांच्या पैशातून जातो. नेमणूक न करणारे मंत्रालय मोकळेच राहते.

अल्पसंख्य भागधारक : १९९१ नंतरच्या निर्गुंतवणुकीने, म्हणजे सरकारी शेअरांच्या विक्रीने, सरकारी कंपन्यांत बाहेरचे भागधारक आले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांत दुरुस्ती केल्याखेरीज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या मुंबईस्थित कंपन्या खाजगी हाती देता येणार नाहीत, असा निर्णय दिला. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के वाटा ओएनजीसीने ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. सरकारचे निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट त्यामुळे गाठले गेले, ओएनजीसीवर मात्र कर्ज चढले. त्यानंतरही हिंदुस्थान पेट्रोलियम ऑगस्ट २०१९ पर्यंत प्रवर्तक म्हणून राष्ट्रपतींचेच नाव दाखवत राहिली. लाभांशाच्या बाबतीतही मालकाची तिजोरीची गरज पुढे असते. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ५ टक्के, यांपैकी अधिक असेल तेवढा लाभांश अपेक्षित होता. २०२४ मध्ये दुसरे प्रमाण ४ टक्के झाले.

देखरेखीची गर्दी : हस्तक्षेप फार, तशी तपासणीही फार. महालेखापरीक्षक, केंद्रीय दक्षता आयोग, केंद्रीय अन्वेषण विभाग आणि १९६४ पासून संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती, या साऱ्यांची नजर एकाच फाइलवर असते. न्यायालयांनी त्यात भर घातली. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेतून उद्‌भवलेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्यात (१९७९) आणि नंतर अजय हसिया खटल्यात (१९८१) सरकारची साधने असलेल्या संस्था संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’, म्हणजे मूलभूत हक्कांनी बांधलेल्या, ठरू शकतात, हे तत्त्व पक्के झाले. साध्या खरेदीचा निर्णयही त्यामुळे रिट अर्जाचा विषय होतो. सार्वजनिक हिताविना कोणाला आर्थिक लाभ मिळवून देणे, एवढ्यावर गुन्हा ठरवणारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील तरतूद २०१८ मध्ये वगळण्यात आली. ॲपलबी यांच्या तक्रारीला इतक्या उशिरा मिळालेला हा काहीसा प्रतिसाद म्हणता येईल. तपासणीने मोठे निर्णय वेळीच थांबतात असेही नाही. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १११ विमाने मुख्यतः कर्जावर घेतली. त्यावर महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले ते २०११ मध्ये, विलीनीकरण होऊन चार वर्षे लोटल्यावर.

सुधारणेचे प्रयत्न : अर्जुन सेनगुप्ता समितीच्या १९८४ च्या अहवालातून फ्रान्सच्या धर्तीवर मंत्रालय व कंपनी यांच्यातील सामंजस्य करारांची पद्धत आली. १९९७ पासून निवडक मोठ्या कंपन्यांना दिलेल्या नवरत्न व पुढे महारत्न दर्जाने त्यांचे गुंतवणुकीचे अधिकार वाढवले. १९९२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सरकारी संचालकांची संख्या दोनपर्यंत मर्यादित केली, २०१० मध्ये गव्हर्नन्सविषयक सूचना सक्तीच्या झाल्या. मालकी आणि धोरण वेगळ्या हाती द्यावे, ही ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांची मध्यवर्ती शिफारस होय. सिंगापूरने १९७४ मध्येच टेमासेक ही धारक कंपनी काढून तसे केले होते. भारतात मालकीचा हक्क अद्याप प्रशासकीय मंत्रालयांकडेच आहे.

राज्य सरकारांच्या कंपन्यांबद्दलची माहिती विखुरलेली आहे. हिशेब वर्षानुवर्षे थकीत राहणे हा तेथील जुना दोष असून महालेखापरीक्षकांच्या राज्यवार अहवालांत, महाराष्ट्राच्याही, तो पुनःपुन्हा नोंदवला गेला आहे. हिशेबच तयार नसल्यास पूरक लेखापरीक्षणाची ६० दिवसांची मुदत सुरूच होत नाही.