सेफ्टी पिस्तुलात की होल्स्टरमध्ये?

जानेवारी १८७६. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरातल्या एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत पोलीस शिपाई वायट अर्प गप्पा मारत बसला होता. रिव्हॉल्वर होल्स्टरमधून, म्हणजे ते ठेवायच्या म्यानातून, निसटले, पडता पडता त्याचा मागचा घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून गेली, भिंतीवर आदळली आणि छतातून बाहेर पडली. खोलीत एकच पळापळ झाली. पुढे ज्याच्या नेमबाजीच्या दंतकथा झाल्या, त्याची ही फजिती तिथल्या वृत्तपत्राने छापून ठेवली आहे.

मराठीत आपण मागच्या हॅमरलाही घोडा म्हणतो आणि बोटाखालच्या ट्रिगरलाही. या विषयात मात्र दोन्ही वेगळे ठेवावे लागतात, कारण धोका एकाकडून दुसऱ्याकडे सरकला, हाच या इतिहासाचा गाभा आहे. अर्पच्या काळातल्या रिव्हॉल्वरमध्ये हॅमर खाली असला की त्याचे टोक काडतुसाच्या प्रायमरवरच, म्हणजे मार बसताच पेट घेणाऱ्या बुडातल्या टिकलीवरच, टेकलेले असे. वरून नुसता दणका बसला तरी पुरे. त्यावर खात्रीचा उपाय एकच होता: सहापैकी पाचच कोठ्यांत काडतुसे भरायची आणि हॅमर रिकाम्या कोठ्यावर ठेवायचा.

लपवून हत्यार बाळगणे तेव्हा प्रतिष्ठेचेही नव्हते. केंटकीने १८१३ मध्येच त्यावर बंदी घातली होती. उघड कमरेला लावणे मात्र चालत असे. तरीही फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची मुठीत मावणारी पिस्तुले खूप खपली. १८६५ मध्ये लिंकनवर झाडली गेली ती त्यातलीच एक. अशी पिस्तुले सर्रास नुसत्याच खिशात असत. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ मध्ये हॅमर आतच झाकलेले रिव्हॉल्वर आणले: खिशातून काढताना अडकणार नाही आणि मूठ नीट आवळल्याशिवाय उडणार नाही. ट्रिगर पूर्ण दाबल्यावरच हॅमरचा मार पोहोचवणारी पट्टी आयव्हर जॉन्सन कंपनीने १८९० च्या दशकात बसवली. पण जुन्या काउबॉय धाटणीच्या रिव्हॉल्वरमध्ये रुगर कंपनीने ती १९७३ मध्ये आणली. इतकी साधी पट्टी, आणि एवढा उशीर!

पडून गोळी सुटण्याचा प्रश्न असा बराचसा मिटला. मग आले ग्लॉक. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने निवडलेल्या या पिस्तुलाला बाहेरून लावायची सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये यासाठीची कळ, नाहीच. आतल्या सेफ्टी उत्तम आहेत, पण त्या सगळ्या ट्रिगर दाबला की बाजूला होतात. ट्रिगर बोटाने दाबला की शर्टाच्या टोकाने, हे पिस्तुलाला कळत नाही. २००८ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये असाच ग्लॉक पँटच्या कमरेत नुसता खोचून गेला. पिस्तूल घसरले, गोळी बरेसच्याच मांडीत गेली, आणि परवान्याअभावी पुढे तुरुंगवासही झाला.

म्हणून आज होल्स्टरकडे केवळ पिशवी म्हणून पाहता येत नाही. तो सेफ्टीचाच अर्धा भाग आहे. कायडेक्स हे कडक प्लास्टिक मुळात विमानांच्या अंतर्भागासाठी होते, पण होल्स्टरवाल्यांना ते फार मानवले. ते ट्रिगर पूर्ण झाकते, बाहेरून दाबले तरी वाकत नाही आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडे राहते. चामडे अंगाला सुखाचे, यात वाद नाही. पण घामाने मऊ पडलेली कडा आत दुमडली, तर पिस्तूल परत खोचताना तीच ट्रिगरवर येते. खिशात ठेवायचे असेल तर खिशासाठीचा वेगळा होल्स्टर हवा आणि त्या खिशात दुसरे काही नको. बॅगेत ठेवले तर बॅग कधी ना कधी खाली ठेवली जाते, आणि तिथे लहान मूल असू शकते. या पद्धतीवर माझा तरी भरवसा नाही.

पोटाजवळ, पँटच्या आतल्या बाजूला पिस्तूल बाळगणारे जाणकार म्हणूनच ते आधी होल्स्टरमध्ये बसवतात आणि मग होल्स्टरसकट पट्ट्याला अडकवतात. काढतानाही तसेच, होल्स्टरसकट.