ऑपरेशनचं पॅकेज आणि सर्जनची फी: आकडा एक, हिशोब दोन

‘ऑपरेशनले कितला पैसा लागतीन?’ चोपड्यात किंवा शहाद्यात काउंटरवर असं विचारलं की उत्तर एका आकड्यात मिळतं. समजा, 45 हजार. गावात तोच आकडा ‘डॉक्टरनी 45 हजार घेतले’ असा फिरतो. खरं तर तो पॅकेजचा आकडा असतो आणि सर्जनची फी हा त्यातला एक भाग.

सर्जनची फी ऑपरेशन किती मोठं आहे यावर आणि बऱ्याच ठिकाणी खोलीच्या वर्गावर ठरते. हात तेच, टाके तेच, पण डीलक्स खोलीत फी जास्त. भूलतज्ज्ञ आणि असिस्टंट यांचे पैसेही अनेकदा याच फीच्या टक्केवारीत लावतात. त्यामुळे भारी खोली घेतली की बिलातल्या या तिन्ही ओळी एकदम फुगतात. हे भरती होताना सहसा कोणी सांगत नाही.

ही फी कोणाच्या खिशात जाते? सर्जन स्वतःच मालक असेल तर ती हॉस्पिटलातच राहते. जळगाव-धुळ्याहून बोलावलेला व्हिजिटिंग सर्जन असेल तर हॉस्पिटल आधी बिल वसूल करतं आणि 10 टक्के टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून त्याला देतं; विम्याची केस असली की हे पैसे उशिरा मिळतात. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या सर्जनला महिन्याचा पगार असतो.

पॅकेजमध्ये साधारणपणे ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल, ठरलेले दिवस आणि नेहमीची औषधं येतात. भांडणं होतात ती बाहेर राहिलेल्या गोष्टींवरून: हर्नियाची जाळी, मोतीबिंदूची भारी लेन्स, रक्त, बायोप्सी, आयसीयू, वाढलेले दिवस. इस्टिमेट लेखी घ्या आणि ‘यात काय नाही?’ हे आधी विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पॅकेज वेगळं. दर सरकार ठरवतं, पैसे हॉस्पिटलला मिळतात, आणि मंजूर उपचारासाठी रुग्णाने काही द्यायचं नसतं. त्यातून सर्जनला किती, हा त्याचा आणि हॉस्पिटलचा आपसातला प्रश्न. ‘सर्जनची फी वेगळी द्या’ असं कोणी म्हणालं तर आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) गाठा किंवा 155388 वर तक्रार करा.

खाजगी विम्यात सर्वात मोठा फटका खोलीमुळे बसतो. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 4,000 असताना 6,000 ची खोली घेतली, तर अशी अट असलेल्या पॉलिसीत कंपनी फक्त भाड्यातले 2,000 कापून थांबत नाही. खोलीनुसार बदलणाऱ्या सगळ्या खर्चाचा दोन-तृतीयांशच देते. सर्जनची फी 30 हजार असेल तर 20 हजार मंजूर, 10 हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कपात लावता येत नाही. लावलेली दिसली तर टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) लेखी हरकत घ्या.