गिओन मात्सुरी

जपानमधील क्योतो शहरात जुलैचा संपूर्ण महिना चालणारा यासाका देवस्थानाचा उत्सव. ‘मात्सुरी’ म्हणजे उत्सव, जत्रा. आओई मात्सुरी (१५ मे) आणि १८९५ मध्ये सुरू झालेला जिदाई मात्सुरी (२२ ऑक्टोबर) यांच्यासह तो शहराच्या तीन मोठ्या उत्सवांत गणला जातो. त्या दोन्हींची मुख्य मिरवणूक एका दिवसात पाहून होते. गिओनसाठी मात्र गल्लीबोळांतून पायी हिंडावे लागते.

उत्सवाचे मूळ रोगराईत आहे. इ. स. ८६९ मध्ये साथ शमावी म्हणून देशाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून देवाला साकडे घातले गेले. भाल्याला जपानीत ‘होको’ म्हणतात. आजच्या मिरवणुकीतल्या रथांच्या शेंड्यावर तो शब्द आणि ती खूण दोन्ही टिकून आहेत. ‘गिओन’ हे नाव भारतातल्या श्रावस्तीच्या जेतवन या बौद्ध विहारावरून आलेले. या देवस्थानात पूजला जाणारा रोगराईचा देव गोझु तेन्नो हा त्या विहाराचा रक्षक मानला जाई. १८६८ मध्ये सरकारने शिंतो व बौद्ध उपासना वेगळ्या केल्या, तेव्हा गिओनच्या देवस्थानाला यासाका हे नाव मिळाले.

रथ देवस्थानाचे नाहीत, गल्ल्यांचे आहेत. एकेका वस्तीचे मंडळ आपापला रथ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते. १५३३ मध्ये राज्यकर्त्यांनी देवस्थानाचे विधी थांबवले, तेव्हा विधी नसले तरी चालतील, पण रथ फिरू द्या, अशी विनंती गावकऱ्यांनी केली होती. या उत्सवाचा खरा जीव या मागणीत दिसतो.

मिरवणुका दोन : १७ जुलैला २३ रथ, २४ जुलैला ११. १९६६ पासून त्या एकत्र निघत. २०१४ मध्ये पुन्हा वेगळ्या झाल्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, पण १७ तारखेला पहिला मान कायम नागिनाता-होको या रथाचा. त्यावर बसणाऱ्या बालकाचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. त्याला खांद्यावरून शिडीने वर नेतात आणि त्याने तलवारीने रस्त्यावरचा पवित्र दोर कापला की वाट मोकळी होते. सर्वांत मोठे रथ सुमारे २५ मीटर उंच आणि १२ टन वजनाचे. सांगाडा खिळ्यांनी नव्हे, दोरांनी बांधलेला. चाके वळत नाहीत. म्हणून चौकात चाकांखाली चिरलेल्या हिरव्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि दोरखंड बाजूला ओढून रथ घसरवतात. काटकोनात वळायला दोन-तीन हिसके लागतात. शिजो-कावारामाची चौकातले हे वळण जरूर पाहावे.

रथांवर सोळाव्या शतकातली बेल्जियन चित्रवस्त्रे, इराणी आणि भारतीय गालिचे झुलतात. यांतले काही गालिचे दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. मराठी पाहुण्याने तरी त्यांच्यापुढे क्षणभर थांबायला हवे.

मिरवणुकीआधीच्या तीन संध्याकाळी, १४ ते १६ जुलै, कंदिलांनी उजळलेल्या रथांभोवती झांजा-बासरीचा ‘कोन्-चिकि-चिन्’ ठेका चालतो. जुनी घराणी घरातले चित्रांचे पडदे रस्त्यावरून दिसतील असे मांडतात. तेव्हा विकत मिळणारे ‘चिमाकी’ खाण्याचे नसते. बांबूच्या पानांची ती जुडी वर्षभर दारावर टांगतात. त्यावर ‘आम्ही सोमिन शोराईचे वंशज’ असे लिहिलेले असते. गरीब असूनही सोमिन शोराईने देवाला आसरा दिला, म्हणून त्याच्या वंशाला साथीपासून अभय मिळाले, अशी कथा आहे. जुलैत अनेक भक्त काकडी खात नाहीत, कारण तिची चकती देवस्थानाच्या चिन्हासारखी दिसते.

फक्त बघायला नव्हे, हात लावायला यायचे असेल तर १२-१३ जुलैला यावे. काही रथांची पहिली ओढ तेव्हा होते आणि तीत कुणालाही दोर धरता येतो. उकाडा व दमट हवा मात्र सोसावी लागते.

बहुतेक पर्यटक १७ तारखेची दुपार होताच परततात, आणि मुख्य गोष्टच चुकवतात. रथ रस्ते शुद्ध करण्यासाठी फिरतात; वाटेत गोळा झालेली पीडा परत फिरू नये म्हणून ते लगेच उतरवले जातात. देव येतो संध्याकाळी. तीन पालख्या खांद्यांवर उचलून शिजो रस्त्यावरच्या मुक्कामी नेतात आणि २४ तारखेला परत आणतात. ३१ जुलैला यासाकाच्या आवारातल्या सोमिन शोराईच्या देवळात लोक गवताच्या मोठ्या कड्यातून आरपार जातात आणि उत्सव संपतो.