छापखान्यातून आलेली कविता

दृश्यकविता म्हणजे जिच्यात शब्दाची कागदावरची जागा अर्थाचा मोठा वाटा उचलते अशी कविता. तिचा इतिहास बहुतेक अभ्यासक विसाव्या शतकाच्या मध्यापासून सांगतात. १९५२ साली ब्राझीलमधील साओ पावलो शहरात ऑगस्तो द काम्पोस, त्यांचे बंधू हारोल्दो आणि देसिओ पिन्यातारी यांनी ‘नोइगांद्रेस’ हा गट स्थापन केला. १९५३ मध्ये ऑयगेन गोमरिंगर या स्विस कवीचा संग्रह निघाला. १९५५ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे दोन्हीकडच्यांची गाठ पडली, आणि १९५६ च्या डिसेंबरात साओ पावलोच्या आधुनिक कला संग्रहालयात कविता चित्रांशेजारी भिंतीवर लागल्या. हा क्रम बरोबर आहे, मात्र तो कवींच्या बाजूने लावलेला आहे. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणाऱ्याच्या किंवा ठशासाठी लिनो (लिनोलियमचा तुकडा) कोरणाऱ्याच्या बाजूने पाहू लागले की सुरुवात बरीच मागे सरकते आणि ऐहोळे, मिरज, बेळगाव ही आपली जवळची गावेही त्या इतिहासात येतात.

गोमरिंगर यांची सर्वांत गाजलेली कविता मौनावर आहे. एकच जर्मन शब्द पाच ओळींत, दर ओळीत तीनदा छापलेला, फक्त मधल्या ओळीतली मधली जागा कोरी. वाचकाला तिथे काहीच दिसत नाही. पण खिळ्यांच्या छपाईत ‘काहीच नाही’ अशी जागा नसतेच. तिथे क्वाड नावाचे, खिळ्यापेक्षा ठेंगणे असलेले धातूचे तुकडे बसवावे लागतात, नाहीतर चौकट आवळताना ओळ मोडते आणि खिळे सांडतात. ठेंगणेपणामुळे त्यांना शाई लागत नाही, इतकेच. कोरी जागासुद्धा जुळवावी लागते, ही गोष्ट कवींना सुचण्यापूर्वी कित्येक पिढ्या कंपोझिटरच्या हाताला ठाऊक होती.

म्हणूनच या प्रवाहाचा खरा पूर्वज शोधायचा तर माझ्या मते हेंड्रिक निकोलास वर्कमन या डच मुद्रकाकडे जावे. ग्रोनिंगन येथील त्याचा मोठा छापखाना १९२३ च्या सुमारास बुडाला आणि उरलेले खिळे, हातयंत्र व शाई घेऊन तो एका गोदामाच्या माळ्यावर जाऊन बसला. तिथून १९२३ ते १९२६ या काळात त्याने ‘द नेक्स्ट कॉल’ या नियतकालिकाचे नऊ अंक काढले. मोठे लाकडी खिळे, अंक, विरामचिन्हे, कुलपाच्या पट्टीसारख्या वस्तू यांना शाई लावून तो कागदावर त्यांचे ठसे उठवी. टंकयंत्रावरही त्याने निव्वळ अक्षरांच्या रचना केल्या. हा चित्रकार की कवी, असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्याची प्रत्येक प्रत वेगळी असे आणि ती मुद्रणाच्या साधनांनीच घडलेली असे. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये त्याने गुप्तपणे छपाई केली. मार्च १९४५ मध्ये त्याला अटक झाली आणि १० एप्रिलला, ग्रोनिंगन मुक्त होण्याच्या अवघे काही दिवस आधी, गोळ्या घालण्यात आल्या.

आपल्याकडे अक्षरांची आकृती करण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात, या संस्कृत महाकाव्यांत, युद्धवर्णनाच्या निमित्ताने चित्रबंधांची, म्हणजे अक्षरे आकृतीत बसवलेल्या श्लोकांची, आतषबाजी आहे. सर्वतोभद्र बंधात आठ-आठ अक्षरांचे चार चरण आणि त्यांखाली तेच उलट क्रमाने पुन्हा, असे चौसष्ट घरांच्या पटावर मांडले की ते उलटसुलट, वरून खाली, कसेही वाचता येतात. गोमूत्रिकेत दोन ओळींतली एकाआड एक अक्षरे सारखी येऊन वाचनाची वाट नागमोडी होते. या भारवीचा काळ ठरवण्यासाठी जो पुरावा पुढे केला जातो तो आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, ऐहोळ्याच्या मेगुती मंदिरावर कोरलेला आहे: इ. स. ६३४ च्या प्रशस्तीत रविकीर्ती या कवीने आपली कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची असल्याचे सांगितले आहे. रविकीर्तीच्या विनयाबद्दल न बोललेले बरे. साहित्यशास्त्राने मात्र या खेळाला कधी मान दिला नाही. आनंदवर्धनाने चित्रकाव्याला काव्याचे अनुकरण म्हटले आणि मम्मटाने ते सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. मोरोपंतांनी रामायणे रचताना कुठे ओष्ठ्य वर्ण टाळले, कुठे मंत्राची अक्षरे ओळींत गुंफली. त्यांचेही कौतुक झाले ते बुद्धीच्या कसरतीचे.

या परंपरेतली एक गोष्ट आजच्या मुद्राचित्रकाराला, म्हणजे ठशांवरून चित्रे छापणाऱ्याला, थेट उपयोगी पडणारी आहे. रोमन लिपीतल्या दृश्यकवींनी शब्द फोडून सुटी अक्षरे केली. चित्रबंधाच्या एका घरात मात्र काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते, जोडाक्षर असले तरी तेही. म्हणजे देवनागरीत दृश्यकविता करताना परक्या मापाने शब्द तोडण्याची गरज नाही, माप आधीच ठरलेले आहे.

छपाईचा धागा मिरजेपासून धरता येतो. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला तांब्यावर अक्षरे कोरण्याची कला शिकवण्यात आली होती. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. खिळे जिंकले, हे उघड आहे. मात्र मिरजेची ती गीता हे कोरीव ठशाचे काम होते, आणि आज आम्लाने पत्रा खोदणाऱ्या मुद्राचित्रकाराचे नाते श्रीरामपुरापेक्षा मिरजेशी अधिक जवळचे आहे.

मराठी आधुनिकांमध्येही अक्षराकडे पाहण्याची सवय छपाईच्या साधनांतूनच आली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींचे ‘शब्द’ हे १९५४ मध्ये सुरू झालेले अनियतकालिक सायक्लोस्टाइल केलेले, म्हणजे स्टेन्सिलच्या छपाईचे होते. कोल्हापूरचे कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात आरेखनकार होते; १९७६ च्या ‘जेजुरी’त जोंधळ्याच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांच्या जागी त्यांनी शब्दच पानभर उड्या मारायला लावले आहेत, तेही इंग्रजीत. र. कृ. जोशी कवी आणि सुलेखनकार होते. संगणकावर वर्षानुवर्षे आपण जी ‘मंगल’ अक्षरे वाचत आलो ती त्यांनीच घडवली.

बेळगावात ही वाट फारशी मळली नाही. इंदिरा संतांच्या गावाचा कवितेचा कान भावकवितेवर तयार झालेला आहे, आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी इथल्या ग्रामीण साहित्य संमेलनांत कविता म्हटली जाते, ऐकली जाते. भिंतीवर लावली जात नाही. सीमाप्रश्नाच्या चळवळीत मराठी टिकवणे हेच काम असल्याने भाषा मोडूनतोडून पाहणाऱ्या प्रयोगांना घरचे पाठबळ कमीच मिळाले, असे मला वाटते. तरीही अक्षराच्या रूपाबद्दल इतका जागा असलेला प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक पाडला गेला तो त्यावरच्या अक्षरांसाठीच, आणि २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने कर्नाटकातल्या नामफलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक केले. अक्षराने किती जागा व्यापावी याचा हिशेब इथे कवींच्या आधी कायद्याने मांडला.

देवनागरी आणि कन्नड या दोन लिप्या एकाच लिनोवर कोरताना अडचणी प्रत्यक्ष दिसू लागतात. मजकूर उलटा कोरायचा असतो, आणि देवनागरीची शिरोरेषा ही उंच ठेवायची सलग पट्टी असते. हत्यार एकदा घसरले की ती तुटते आणि शब्द दोन होतात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ चुकून निघाली तर तिथे ‘व’ उरतो आणि तो परत ‘ब’ करता येत नाही. कन्नड अक्षरे गोल, रुंद आणि सुटी. त्यांचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातले खाली जोडलेले व्यंजन, ओळीखाली उतरते, म्हणून खालची मराठी ओळ आणखी खाली ढकलावी लागते. दोन ओळींमधले अंतर मराठीच्या सोयीने ठेवावे तर कन्नडची पावले कापली जातात, कन्नडच्या सोयीने ठेवावे तर मराठी ओळी विखुरलेल्या दिसतात. साओ पावलोच्या कवींपुढे हा पेच कधी नव्हता. ऑफसेट आल्यावर ट्रेडल यंत्रे बंद पडली आणि खिळे धातूच्या भावाने वितळवले गेले. भित्तिपत्रकांचे लाकडी खिळे जिथे कुठे उरले असतील तिथून ते मिळवले, तर दोन्ही लिप्यांची अशी जुळणी लिनो न कोरताही करून पाहता येईल.